माग ज्याच्या शिवेत थांबला

हिंगोलीच्या छावणीत हरीसिंग नावाचा एक प्रतिष्ठित व्यापारी राहत होता. निजामाच्या फौजेतल्या गोऱ्या अधिकाऱ्यांची त्याच्याकडे खरेदी असे. फिलिप मेडोज टेलर हा त्यांपैकीच एक. एकदा हरीसिंगाने जिल्ह्याचा मुलकी कारभार पाहणाऱ्या कॅप्टन रेनॉल्ड्सकडे मुंबईहून कापड आणण्यासाठी परवाना मागितला. परवाना मिळाला. कापड खरोखरच मुंबईहून निघालेले होते, पण ते हिंगोलीजवळच्या गावातल्या दुसऱ्याच एका व्यापाऱ्याचे होते आणि तो स्वतः मालाबरोबर येत होता. हरीसिंगाच्या टोळीने वाटेत त्याला, त्याच्या माणसांना आणि बैल हाकणाऱ्यांना गळफास देऊन मारले. मग त्याच सरकारी परवान्यावर माल छावणीत आणून उघड्या बाजारात विकला. पुढे पकडला गेल्यावर हरीसिंगाने स्वतःच हे कबूल केले, म्हणून ते उजेडात आले. नाहीतर त्या कापडाचे अंगरखे शिवून लोक फाटेपर्यंत वापरत राहिले असते.

टेलरने ही हकिगत १८३९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ या कादंबरीच्या प्रस्तावनेत सांगितली आहे. कादंबरी कल्पित असली तरी प्रस्तावनेतला पुढचा, प्रेते उकरण्याचा भाग त्याने डोळ्यांनी पाहिलेला आहे. या टोळीने खुद्द छावणीच्या बाजारात, मुख्य पहाऱ्यापासून शंभर यार्डांच्या आत माणसे मारली आणि पहारेकऱ्यांच्या रांगेपासून पाचशे यार्डांवर पुरली. माफीचे साक्षीदार एकेक जागा दाखवत गेले, तशी माती उपसली गेली. जागा म्हणजे नदीला मिळणाऱ्या एका ओहोळाचे कोरडे पात्र, चरापेक्षा रुंद नाही की खोल नाही. शेजारून छावणीबाहेर जाणारा वर्दळीचा रस्ता. एकेका खड्ड्यात अनेक प्रेते निघू लागली तेव्हा जमलेल्यांना शिसारी आली आणि खोदकाम अर्धवट सोडून दिले गेले.

त्या अर्धवट सोडलेल्या खोदकामापाशी मी पुन्हा पुन्हा अडखळतो. बाजार छावणीचा, पहारा छावणीचा, परवाना सरकारचा. मारणाऱ्यांना शिक्षा व्हायलाच हवी होती, आणि त्या काळात शेकडो ठगांना ती झाली. पण ज्याच्या पहाऱ्याच्या भरवशावर वाटसरू त्या बाजारात उतरला, त्याने मेलेल्याच्या घरच्यांना काय द्यायचे, हा प्रश्न टेलरच्या हकिगतीत कुठेही येत नाही.

हा प्रश्न त्या मुलखाला नवा असता तर गोष्ट निराळी होती. तो मुळीच नवा नव्हता.

लातूर जिल्ह्यातल्या निलंग्याकडून कर्नाटकात उतरले की बसवकल्याण लागते. चालुक्यांची राजधानी कल्याणी ती हीच. सहाव्या विक्रमादित्याच्या कारकिर्दीत, म्हणजे १०७६ ते ११२६ या काळात, विज्ञानेश्वराने इथे याज्ञवल्क्यस्मृतीवर ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिली. पुढे देशाच्या बहुतेक भागांत हिंदू वारसाहक्काचा कायदा म्हणून चालली ती हीच. पण मूळ स्मृतीत चोरीचे स्वतंत्र प्रकरण आहे आणि त्यात आजच्या वकिलानेही थांबून वाचावा असा नियम आहे. गावात कोणाचा खून झाला किंवा माल चोरीला गेला आणि गुन्हेगाराचा माग गावाबाहेर पडलेला दिसला नाही, तर दोष गावाच्या प्रमुखाचा. गुन्हा गायरानात घडला तर दोष गायरान ज्याच्या ताब्यात त्याचा. वाटेवर घडला तर चोर पकडण्यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याचा. माग ज्या गावाच्या शिवेत शिरला त्या गावाने भरपाई द्यायची. वस्तीपासून कोसापलीकडे घडले असेल तर आसपासच्या पाच किंवा दहा गावांनी मिळून द्यायची. आणि या सगळ्यांच्या वर राजा. प्रजेचा चोरीला गेलेला माल त्याने परत मिळवून द्यावा, नाहीतर ते पाप राजाच्या माथी.

इथे खून आणि चोरी एकाच सूत्रात धरली आहेत आणि दोन्हींसाठी जबाबदार माणूस जागेवरून ठरवला आहे. मारेकरी सापडो न सापडो, ती जागा ज्याच्या ताब्यात त्याला उत्तर द्यावे लागे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही हेच गणित आहे. व्यापाऱ्याने आपल्या मालाची किंमत सांगून गावात मुक्काम केला आणि रात्री माल गेला, तर गावमुख्याने तो भरून द्यावा. गावागावांमधल्या मोकळ्या रानात गेला तर रानाच्या अधिकाऱ्याने. त्यात किंमत आधी सांगण्याची अट महत्त्वाची आहे. आपण कशाची राखण पत्करतो आहोत हे राखणाऱ्याला ठाऊक असले पाहिजे, एवढा बारीक विचार त्या काळी झालेला होता.

कोलब्रुक या इंग्रज अधिकाऱ्याने १८१० मध्ये मिताक्षरेचे इंग्रजी भाषांतर केले ते फक्त वारसाहक्काच्या भागाचे. कोर्टांना तेवढाच हवा होता. बापाची इस्टेट कोणाला मिळणार हे कल्याणीच्या पंडिताच्या शब्दांवर ठरू लागले, पण त्या इस्टेटीच्या आवारात कोणी मारला गेला तर मालकाने काय करायचे, हा त्याच ग्रंथातला भाग कोर्टाच्या मेजावर कधी आलाच नाही. पुढच्या दोनशे वर्षांवर या निवडीचा फार मोठा परिणाम झाला असे माझे मत आहे.

जागेच्या धन्यावर जबाबदारी टाकण्याची कल्पना पूर्वी दूर इंग्लंडमध्येही होती, आणि तिथेही ती जमिनीलाच बांधलेली होती. पहिल्या एडवर्डच्या १२८५ च्या विंचेस्टर कायद्याप्रमाणे लूटमार झाली तर त्या परगण्यातल्या रहिवाशांवर भरपाईचा बोजा येई. बाजारगावांना जोडणाऱ्या रस्त्यांच्या दोन्ही बाजूंना दोनशे फुटांपर्यंत माणूस दबा धरून बसेल अशी झुडपे आणि चर ठेवायचे नाहीत, हे जमिनीच्या धन्याचे काम. त्याने झुडपे तोडली नाहीत आणि तिथे लूट झाली तर त्याने भरायचे. खून झाला तर राजा म्हणेल तो दंड. झुडूप कोणाच्या जमिनीत वाढले होते यावरून माणसाच्या जिवाची जबाबदारी ठरत होती.

आपल्याकडे ही जबाबदारी प्रत्यक्षात कशी चाले, याचे सर्वांत नेमके वर्णन कंपनीचा अधिकारी असलेल्या एल्फिन्स्टनने पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाबद्दल १८१९ मध्ये केलेल्या अहवालात आहे. नांदेड-लातूरकडचा मुलूख तेव्हा निजामाकडे होता, पण गावगाडा जवळजवळ तोच. पाटील, कुलकर्णी आणि गावकुसाबाहेर राहणारा राखणदार. कुठे तो रामोशी, कुठे भिल्ल. मराठवाड्याच्या बऱ्याच गावांत महार किंवा मांग. रात्री गस्त घालायची, गावात कोण आला, कोण गेला हे ध्यानात ठेवायचे, परक्यावर नजर ठेवायची. गावातल्या प्रत्येकाची चालचलणूक त्याला माहीत असायला हवी अशी अपेक्षा होती.

चोरी झाली की पहाटे तो माग काढायला निघे. भुसभुशीत मातीत उमटलेल्या पावलाचे माप घ्यायचे आणि ते माप घेऊन पुढे सरकायचे. माग शेजारच्या गावात शिरला आणि तिथल्या राखणदाराची खातरी पटली की याचे काम संपले. आता पाठलाग त्या गावच्या राखणदाराने करायचा. असा माग गावोगाव फिरत शेवटी ज्या गावात विरला, त्या गावाने चोरीची भरपाई करायची. पण पहिल्या गावातून माग बाहेर काढताच आला नाही, तर ज्या गावात चोरी झाली त्यानेच भरायचे.

आता पैसे कोणाच्या खिशातून जात ते पाहा. आधी राखणदाराने, त्याच्या ऐपतीप्रमाणे जेवढे निघेल तेवढे द्यायचे. उरलेली रक्कम साऱ्या गावावर बसवायची. एल्फिन्स्टनलाही ही वसुली अन्यायाची वाटली होती, कारण चोरी थांबवणे गावाच्या हातात असेलच असे नाही आणि सगळी रक्कम भरण्याची ताकद तर नसेच. म्हणून पूर्ण भरपाई क्वचितच घेतली जाई. पण काहीना काही दंड बहुधा होई. हयगय किंवा संगनमत दिसले तर पाटलाचे किंवा राखणदाराचे इनाम काढून त्याच्या जवळच्या नातलगाला दिले जाई, बेड्या पडत, फटके बसत.

स्मृतीत दोष गावाच्या प्रमुखाचा होता. व्यवहारात तो उतरत उतरत गावातल्या सर्वांत गरीब माणसाच्या अंगावर आला. ज्याच्या घरात चोरीला जाण्यासारखे काही नव्हते, त्याने वाड्यातल्या दागिन्यांची जोखीम घ्यायची. बदल्यात वतनाची तुकडाभर जमीन आणि दारोदार मागितलेली भाकरी. पाटलाच्या मानपानाला माग काढता न आल्याने धक्का लागल्याची उदाहरणे थोडी. राखणदाराच्या पाठीवर मात्र आधी वळ उठत. मला या सगळ्या इतिहासात ही गोष्ट सर्वांत जास्त बोचते. जबाबदारीचा नियम चांगला होता, पण तो लागू करणाऱ्यांना तो वरच्या माणसावर लावायची हिंमत नव्हती.

आणखी एक गोष्ट उघड आहे. ज्या नियमात प्रेत कोणाच्या शिवेत सापडले यावर दंड ठरतो, तिथे प्रेत रातोरात शिवेपलीकडे सरकवण्याचा मोह गावाला होणारच. पावलांचे माप जुळत नाही म्हणून दोन गावांचे राखणदार हुज्जत घालत असताना चोर दोन मुक्काम पुढे गेलेला असणार. तरीही गाव जागे राहायला या नियमाने एक सबळ कारण दिले होते, हे विसरून चालणार नाही.

डोंगरातल्या वाटांची राखण गावांच्या आवाक्याबाहेरची. हदगाव, उमरखेड, पुसदकडच्या डोंगरपट्ट्यात हटकर नाईकांचा दबदबा होता. पेशवाई बुडत असताना त्यांच्यातला नोवसाजी नाईक निजामाविरुद्ध उठला. जानेवारी १८१९ मध्ये मेजर पिटमनच्या हाताखालच्या फौजेने त्याच्या नव्ह्याच्या किल्ल्याला वेढा घातला आणि महिनाअखेरीस तो घेतला. बंड मोडले आणि त्या टापूतली नाईकांची सत्ताही मोडली. हिंगोलीत फौज होती, पण ती छावणीत राहणारी फौज. कोणत्या खिंडीतून कोण उतरते हे ज्यांना झोपेतही कळे ती माणसे आता एकतर मारली गेली होती, नाहीतर गुन्हेगार ठरली होती. नव्ह्याचा वेढा आणि पुढच्या बारा-पंधरा वर्षांतले हिंगोलीचे खड्डे, हे दोन प्रसंग मला एकमेकांशेजारी ठेवून पाहावेसे वाटतात. एकामुळेच दुसरा घडला असा दावा मी करत नाही. पण वाटांचा जुना राखणदार गेला आणि नव्या धन्याने त्याची जोखीम आपल्या अंगावर घेतली नाही, एवढे दिसतेच.

ठगांनी नेमके हेच हेरले होते. माग काढण्याच्या पद्धतीला दोन गोष्टी लागतात: तक्रार करणारा माणूस आणि जमिनीवर उमटलेली खूण. ठग दूरच्या प्रवाशाला गाठत. त्याचे घर शेकडो मैलांवर. तो वाटेत कुठे गेला हे घरच्यांना कळायला महिने लागत आणि कळले तरी कुठल्या गावच्या चावडीवर जाऊन विचारायचे हे कळत नसे. संपूर्ण काफिलाच मारत, त्यामुळे सांगणारा उरत नसे. प्रेत पुरत, त्यामुळे कोणत्याही गावच्या शिवेत काही सापडत नसे. जिथे फिर्याद नाही तिथे कोणाचे इनाम जाणार आणि कोणाला बेड्या पडणार?

कंपनी सरकारने यावर काढलेली तोड म्हणजे १८३६ चा तिसावा कायदा. ठगांच्या टोळीत सामील होता एवढे सिद्ध झाले की जन्मठेप. कोणाला, कुठे मारले हे दाखवण्याची गरज नाही. खड्ड्यातल्या माणसांची नावे कळण्याची शक्यताच नव्हती, हे पाहता त्या कायद्यामागची निकड समजू शकते. पण त्याने एक मोठे वळण घेतले. आतापर्यंत कायदा विचारत होता की हे कोणाच्या जागेत घडले. आता तो विचारू लागला की हा माणूस कोणत्या टोळीचा. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने पुढचे पाऊल टाकले आणि माणसाचा जन्म कोणत्या जमातीत झाला एवढेच पाहिले. ज्या जमातींतून पूर्वी गावांनी राखणदार घेतले होते, त्यांच्यातल्याच कित्येकांना आता चावडीवर हजेरी लागली. हा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. त्याचा संशय आजही पारधी वस्तीच्या दारात उभा असतो, हे मराठवाड्यात राहणाऱ्या कोणाला सांगायला नको.

निजामाच्या राज्यात १८५३ मध्ये पहिला सालारजंग दिवाण झाला. त्याने १८६५ पासून जिल्हाबंदी, म्हणजे जिल्ह्यांची आखणी केली, पगारी अधिकारी नेमले, पोलीस दल उभारले. खेड्यात मात्र पोलीस पाटील आणि त्याच्या हाताखालचे वतनी राखणदार तसेच राहिले. सरकारचा पोलीस घोड्यावरून कधीतरी येई. रात्रीची हाळी, सरकारी टपाल, मेलेले जनावर ओढणे, आलेल्या अंमलदाराच्या घोड्याला गवत, हे सगळे त्याच माणसाकडे.

या ओझ्याविरुद्ध डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात महार वतनाचे विधेयक आणले होते. फेब्रुवारी १९४१ मध्ये बार्शीहून लातूरकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावरच्या कसबे तडवळ्याला महार-मांग वतनदारांची परिषद भरली आणि बाबासाहेब तिला आले. निजामाच्या राज्यातली गावे तिथून हाकेच्या अंतरावर होती. वतन ही मिळकत आहे असे शतकानुशतके सांगितले गेले होते. ते गळ्यातले लोढणे आहे हे ज्यांच्या गळ्यात होते ते आता बोलू लागले. राखणीच्या इतिहासात या परिषदेचे नाव सहसा कोणी घेत नाही. माझ्या मते ते पहिल्या पानावर असायला हवे, कारण चोरीची जबाबदारी कोणी उचलायची या प्रश्नाला राखणदाराने स्वतः दिलेले ते जाहीर उत्तर होते.

१७ सप्टेंबर १९४८ नंतर मराठवाडा भारतात आला आणि १ एप्रिल १९५१ पासून हैदराबाद राज्यात भारतीय दंड संहिता लागू झाली. तिच्या १५४ व्या कलमात जुन्या कल्पनेचा एक तुकडा शिल्लक होता. ज्याच्या जमिनीवर बेकायदा जमाव जमला किंवा दंगल झाली, त्या मालकाने किंवा कब्जेदाराने पोलिसांना वर्दी दिली नाही आणि ती थांबवण्यासाठी हातचे उपाय केले नाहीत, तर त्याला दंड. दंडाची कमाल रक्कम १८६० मध्ये एक हजार रुपये होती. तेव्हा ती जमीनदाराला घाम फोडणारी होती. तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या १९३ व्या कलमात ती आजही एक हजार रुपयेच आहे.

१९५१ च्या मुंबई पोलीस कायद्यात, ज्याला आता महाराष्ट्र पोलीस कायदा म्हणतात, आणखी एक तुकडा सापडतो. जमावाच्या हिंसेत कोणाचा जीव गेला, कोणी गंभीर जखमी झाले किंवा मालमत्तेचे नुकसान झाले, तर त्या भागातल्या रहिवाशांवर भरपाई बसवून ती वसूल करण्याचा अधिकार त्यातल्या ५१ व्या कलमात आहे. याज्ञवल्क्याची पाच आणि दहा गावे इथे कलेक्टरच्या आदेशाच्या भाषेत आली. मात्र दंगल सोडून इतर वेळी, म्हणजे एखाद्या बंद आवारात एका माणसावर हल्ला झाला असेल तेव्हा, जागेच्या मालकाला जाब विचारणारे स्पष्ट कलम कायद्यात नव्हते.

अमेरिकेत हा प्रश्न १९७० मध्ये एका निकालाने ठळक झाला. वॉशिंग्टनच्या मॅसॅच्युसेट्स अव्हेन्यूवरची एक मोठी इमारत. १९५९ मध्ये एक भाडेकरू बाई तिथे राहायला आली तेव्हा दारावर चोवीस तास माणूस होता. पुढे मालकाने तो काढला, बाजूच्या दारांवरचा पहाराही सुटला. मधल्या मार्गिकांत मारहाण आणि लुटीचे प्रकार वाढत होते, मालकाला ते माहीत होते. १९६६ मध्ये त्या बाईवर तिच्याच घराच्या दाराबाहेर हल्ला झाला. कोर्टाने सांगितले की सामाईक जागा फक्त मालकाच्या ताब्यात आहेत, तिथे कुलूप लावणे किंवा माणूस बसवणे हे एकट्या भाडेकरूला जमणारे नाही, आणि धोका मालकाला ठाऊक होता. म्हणून वाजवी खबरदारी घेणे त्याचे कर्तव्य आहे. हल्ला करणारा दुसराच होता ही सबब चालली नाही. हा निकाल वाचताना मला कौटिल्याची ती अट आठवते: राखणाऱ्याला जोखीम ठाऊक असली पाहिजे. ठाऊक असेल तर मग सुटका नाही.

आपल्याकडे हे तत्त्व सर्वांत स्पष्ट शब्दांत उतरले ते रेल्वेत. १९८९ च्या रेल्वे कायद्यात १९९४ मध्ये दुरुस्ती झाली. गाडीत, प्रतीक्षालयात, तिकीटघरात, सामान ठेवण्याच्या खोलीत किंवा फलाटावर प्रवाशावर हिंसक हल्ला झाला, दरोडा पडला, लूट झाली, तर रेल्वेने भरपाई द्यायची, मग रेल्वेची चूक असो वा नसो. मृत्यू झाला तर ही रक्कम २०१७ पासून आठ लाख रुपये आहे. प्रवाशाकडे तिकीट हवे किंवा फलाट तिकीट हवे. मारेकरी सापडला का, त्याला शिक्षा झाली का, हे विचारायचे नाही. जागा रेल्वेची, पैसे रेल्वेचे.

आता नांदेडच्या हुजूर साहिब स्थानकावर रात्री उतरलेल्या माणसाचा विचार करा. देशभरातून गुरुद्वाऱ्याला येणारे भाविक, यात्रेकरू, परीक्षेला आलेली मुले यांनी ते स्थानक भरलेले असते. फलाटावर त्याला कोणी लुटताना भोसकले तर त्याच्या बायकोला रेल्वेच्या दावा न्यायाधिकरणात अर्ज करता येतो. तोच माणूस फाटकाबाहेर पडला, समोरच्या लॉजमध्ये खोली घेतली आणि तिथे मागच्या दाराला कडीच नसल्याने कोणीतरी आत येऊन त्याला मारले, तर कथा बदलते. आता लॉजमालकाचा निष्काळजीपणा सिद्ध करण्याचा भार त्याच्या घरच्यांवर. दिवाणी दावा लावा, किंवा ग्राहक आयोगात सेवेतली त्रुटी म्हणून तक्रार करा. मालक म्हणणार की मारणारा माझा कोणी नव्हता. पोलीस म्हणणार की आमचा तपास मारेकऱ्यापुरता. फलाट आणि लॉज यांच्यामध्ये रस्त्याची रुंदी आहे, आणि एका विधवेच्या आयुष्याचा फरक.

पैशाच्या बाबतीत मात्र आपण जबाबदारी ठरवायला शिकलो आहोत. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बँकांच्या लॉकरबद्दल खडसावल्यावर रिझर्व्ह बँकेने नियम काढले. १ जानेवारी २०२२ पासून, चोरी, दरोडा, आग किंवा कर्मचाऱ्याच्या लबाडीने लॉकरमधला ऐवज गेला तर बँकेची जबाबदारी वर्षाच्या भाड्याच्या शंभर पट. दागिन्यांसाठी आकडा ठरला आहे. दागिने घालणारी मुलगी ज्या वसतिगृहात राहते, तिथे तिच्यावर हल्ला झाला तर मालकाने किती द्यायचे, याचा आकडा कुठेच लिहिलेला नाही.

सरकारने आपला वाटा काही प्रमाणात मान्य केला आहे. फौजदारी प्रक्रिया संहितेत २००८ च्या दुरुस्तीने पीडितांना राज्याने भरपाई देण्याची तरतूद आली. महाराष्ट्राने २०१३ मध्ये मनोधैर्य योजना आणली, ती बलात्कार, बालकांवरील लैंगिक अत्याचार आणि अॅसिडहल्ल्यातल्या पीडितांसाठी. चोराला पकडता आले नाही तर राजाने द्यावे, ही जुनी पायरी परत आली. मधली पायरी, जागेच्या धन्याची, तेवढी रिकामी आहे.

ती रिकामी आहे म्हणून राखणदारावरचा भार तसाच आहे. २००५ च्या खासगी सुरक्षा संस्थांच्या कायद्यात संस्थेचा परवाना, रखवालदाराची चारित्र्य पडताळणी आणि प्रशिक्षण यांबद्दल तरतुदी आहेत. प्रत्यक्षात आवारात काही अघटित घडले की पहिल्याच दिवशी रखवालदाराला कामावरून काढले जाते. बारा तासांची पाळी, रात्रीच्या अंधारात एकच माणूस, बंद पडलेला कॅमेरा, मागच्या भिंतीला पडलेले भगदाड, हे सगळे मालकाला माहीत असते. वर्तमानपत्रात फोटो येतो तो रखवालदाराचा.

मुंबईच्या ताजमहाल हॉटेलवर २६ नोव्हेंबर २००८ ला हल्ला झाला तेव्हा जायबंदी झालेल्या एका ब्रिटिश पाहुण्याने हॉटेलच्या मालक कंपनीवर लंडनमध्ये दावा लावला. सुरक्षेत कसूर झाली असा त्याचा आरोप होता. कंपनीचे म्हणणे की दावा भारतात चालवा. डिसेंबर २०१३ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने दावा तिथेच चालू शकतो असे सांगितले, आणि त्यामागे भारतात असा दावा निकाली निघायला दीड-दोन दशके लागू शकतात, हे एक कारण होते. ज्या फिर्यादीला लंडन गाठता येते त्याचे हे झाले. लातूरच्या जिल्हा न्यायालयात दावा लावणाऱ्या बापाला ती वीस वर्षे तशीच काढावी लागतील.

आणि लातूर-नांदेडमध्ये असे बाप फार आहेत. दहावीनंतर डॉक्टर आणि इंजिनिअर व्हायला मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांतून, शेजारच्या जिल्ह्यांतून मुले-मुली या दोन शहरांत येतात. गल्लीगल्लीत घरांची वसतिगृहे झाली आहेत. ट्यूशनची शेवटची बॅच सुटते तेव्हा रात्र झालेली असते, आणि पंधरा-सोळा वर्षांच्या मुली अर्धवट उजेडाच्या रस्त्याने खोलीवर परततात. घरमालक भाडे आगाऊ घेतो, खाणावळवाला डबा देतो, क्लासवाला फी घेतो. जिना, दार, दिवा, कडी आणि फाटकावरचा माणूस हे सारे त्यांच्याच हातात आहे. रेल्वेला लागू असलेले तत्त्व इथे लागू करायला राज्याच्या विधिमंडळाला कोणती अडचण आहे, हे मला समजत नाही. चूक सिद्ध करायला न लावता ठराविक रक्कम, ती देण्यासाठी मालकाला सक्तीचा विमा, आणि दाव्यासाठी जिल्ह्यातच एक न्यायाधिकरण. आवारात दिवा नव्हता, फाटकावर माणूस नव्हता, आधी तक्रारी येऊनही काही केले नव्हते असे दिसले तर रक्कम वाढवायची. भरपाई मालकाच्या खिशातून जायची, आणि रखवालदाराच्या पगारातून एक रुपयाही कापता येणार नाही असे त्याच कायद्यात लिहून ठेवायचे.